अहमदनगरचा किल्ला आणि सोनतळीचे घर

आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही घरी पाहुणा आला की त्याच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, ‘काय, सगळी बरी आहेत ना?’ आणि यजमानही बहुधा ‘हो, बरी आहेत’ असेच उत्तर देतो. ‘बरे’ हा शब्द लहानसा आहे. पण आपल्या पूर्वजांनी त्यात शरीर आणि मन यांची फारकत केलेली नाही. ताप आला तरी आपण ‘बरे नाही’ म्हणतो, आणि उगाचच जीव कासावीस होऊ लागला तरीही ‘बरे वाटत नाही’ असेच म्हणतो. फारकत केली ती आपल्या वागणुकीने. घरातील कोणाचा पाय मोडला तर शेजारीपाजारी जमतात, डबे पोहोचवतात, रुग्णालयात रात्रीची पाळी वाटून घेतात. तेच घरातील कोणाचे मन मोडले, तर घर आतून कडी लावून घेते.

आमच्या लहानपणी आमच्या ओळखीच्या एका घरात माडीवरच्या खोलीत एक काका राहत असत. त्यांचे जेवणाचे ताट वर जाई आणि रिकामे होऊन खाली येई, एवढाच त्यांचा आणि घराचा संबंध आम्ही पाहिला. ते कोणास त्रास देत नसत. परंतु घरातील लग्नकार्यांच्या छायाचित्रांत ते कोठेच नाहीत. त्या घरातील माणसे दुष्ट होती असे आम्हांस आजही वाटत नाही. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या घराला आधार द्यावयास बाहेरून कोणी आले नव्हते, एवढेच.

कुटुंबाचे आरोग्य हे त्या कुटुंबानेच एकट्याने सांभाळावयाचे असते काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस कोल्हापूरच्या इतिहासातील दोन प्रसंग फार बोलके वाटले. दोन्ही एकाच राजघराण्यात घडले. त्यांच्यामध्ये अवघी पस्तीस वर्षे आहेत. पहिल्या प्रसंगी एका आजारी तरुणास त्याच्या माणसांपासून तोडण्यात आले. दुसऱ्या प्रसंगी दुःखाने होरपळलेल्या एका मुलीस माणसांच्या मध्ये ठेवण्यात आले. या दोहोंच्या दरम्यान कोल्हापुरात काय घडले, हे पाहणे आजच्या कुटुंबांनाही उपयोगाचे आहे.

एका तरुण राजाचा आजार

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन पावले. त्यांच्या मागे गादीवर दत्तक म्हणून आला तो आठ वर्षांचा एक मुलगा. तेच चौथे शिवाजी महाराज. त्यांचा जन्म १८६३ चा, दत्तविधान १८७१ चे. आपले घर, आपली भावंडे सोडून हा मुलगा राजवाड्यात आला, आणि तेथून पुढे इंग्रज अधिकारी व कारभारी यांच्या देखरेखीखाली वाढला. वयात येत असताना त्यांची प्रकृती बिघडल्याच्या वार्ता येऊ लागल्या. सरकारी मत असे पडले की महाराजांना वेड लागले आहे. लोकांत मात्र कुजबूज होती की महाराजांचा छळ होत आहे, आणि त्यांना वेडे ठरविण्यात कोणाचे तरी हित आहे.

ही कुजबूज पुण्यापर्यंत पोहोचली. १८८१ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी महाराजांची बाजू हिरिरीने उचलून धरली आणि कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापला. बर्व्यांनी फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारे आरोप झाले होते ती बनावट ठरली. टिळक आणि आगरकर या दोघा तरुण संपादकांना १८८२ च्या जुलैत चार महिन्यांची शिक्षा झाली; त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तक लिहिले, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच तुरुंगात त्यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर हाती घेतले, ही गोष्ट या संदर्भात आम्हांस विलक्षण वाटते. ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याच्या वेडाविषयी सारा दरबार तर्क लढवीत असतो, अशा एका राजपुत्राचे ते नाटक. एका राजपुत्राच्या मनासाठी तुरुंगात गेलेला माणूस दुसऱ्या राजपुत्राच्या मनाची कथा मराठीत आणीत होता.

तिकडे खुद्द महाराजांना १८८२ मध्येच कोल्हापुराहून अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले होते. (२०२४ पासून त्या शहराचे नाव अहिल्यानगर आहे.) किल्ल्याचे तट, पहाऱ्याचे गोरे शिपाई, आणि भाषा समजेल असे, मायेचे कोणी जवळ नाही. एकोणीस वर्षांच्या आजारी माणसासाठी योजलेला हा उपाय होता. २५ डिसेंबर १८८३ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, ग्रीन नावाच्या पहाऱ्यावरील शिपायाशी त्यांची झटापट झाली आणि तीत झालेल्या आघाताने ते मरण पावले. वय अवघे वीस. मागे तरुण विधवा, आनंदीबाई राणीसाहेब.

ते खरोखर आजारी होते की त्यांना आजारी ठरविले गेले, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांस त्या वादात येथे शिरावयाचे नाही. ते आजारी नव्हते असे मानले, तर एका निरोगी तरुणास कोंडले गेले. ते आजारी होते असे मानले, तरी कोंडणे हाच उपाय ठरला. कसेही पाहिले तरी ज्या वेळी त्यांना माणसांची सर्वांत अधिक गरज होती त्याच वेळी माणसे काढून घेण्यात आली. आमच्या आठवणीतील माडीवरची खोली आणि नगरचा किल्ला यांत अंतर आहे ते आकाराचे.

त्या काळी मनाच्या आजाराकडे पाहण्याची रीतच तशी होती. १८५८ मध्ये हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांसंबंधी कायदे झाले, ते मुख्यतः अशा माणसांस ताब्यात कसे घ्यावे आणि कोठे ठेवावे याविषयीचे होते. रोगी बरा होऊन घरी येईल, ही अपेक्षा त्यांत फारशी नव्हती.

कागलचा पोरका मुलगा

आनंदीबाई राणीसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव या मुलास दत्तक घेतले. त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. जन्म २६ जून १८७४ चा, म्हणजे दत्तविधानाच्या वेळी वय पुरते दहाही नव्हते. आई राधाबाई ते तीन वर्षांचे असतानाच, १८७७ मध्ये, गेलेल्या. वडील जयसिंगराव १८८६ मध्ये गेले. ज्या राजवाड्यातून यापूर्वीचा दत्तक मुलगा किल्ल्यात गेला आणि परत आला नाही, त्याच राजवाड्यात हा पोरका मुलगा वाढावयाचा होता. कोल्हापूरच्या लोकांच्या मनात त्या वेळी कोणती धास्ती असेल, याची कल्पना करता येते.

यावेळी मात्र एक गोष्ट निराळी घडली. शाहूंना एकटे ठेवण्यात आले नाही. धाकटे बंधू बापूसाहेब आणि नात्यातील बरोबरीची मुले यांच्या सोबतीने त्यांचे शिक्षण झाले. प्रथम राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात, आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या शिक्षकाच्या हाताखाली. फ्रेझर यांनी या मुलांना पुस्तकांबरोबर व्यायाम, घोडदौड आणि प्रवास यांचीही गोडी लावली. सोबती, मोकळी हवा, आणि ज्याच्याशी मनातले बोलावे असा वडीलधारा माणूस, या तीन गोष्टी शाहूंना लाभल्या. पुढे त्यांनी आपल्या प्रजेसाठी जे जे केले त्यात या तीन गोष्टी पुनःपुन्हा डोकावतात, असे आम्हांस वाटते.

२ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. वय १९. दोन-अडीच वर्षांतच दोन संकटे दारात उभी राहिली: एक दुष्काळ, दुसरे प्लेग.

दुष्काळ, प्लेग आणि घराचे छप्पर

१८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागून १८९९-१९०० चा, ज्याला लोक छपन्नचा दुष्काळ म्हणतात तो, यांनी दख्खन पोखरून काढली. दुष्काळी कामे सर्वत्र निघत. माणसे रस्त्याची खडी फोडीत, तलाव खणीत, आणि संध्याकाळी मजुरी नेत. कोल्हापूर संस्थानातही अशी कामे निघाली, स्वस्त धान्याची दुकाने उघडली. पण तेथे आणखी एक गोष्ट झाली. कामावर येणाऱ्या बायकांची तान्ही आणि रांगती मुले सांभाळण्यासाठी कामाच्या जागीच शिशुगृहे उघडण्यात आली. आईच्या हाताला काम मिळाले आणि तिचे मूल उन्हात धोंड्याशेजारी टाकावे लागले नाही. वरवर पाहता ही लहानशी व्यवस्था. पण तिच्या मागे मोठी समज आहे. दिवसभर खडी फोडणाऱ्या त्या माउलीला भाकरीची जितकी काळजी, तितकीच पोराची. केवळ पोटाचा विचार केला असता तर मजुरीवरच थांबता आले असते. तिच्या जिवाचा घोर ओळखला म्हणून शिशुगृह निघाले.

प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत उघडकीस आला आणि वर्षभरात देशावर पसरला. त्यानंतर कैक वर्षे तो फिरून फिरून येत राहिला. पुण्यात गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. देवघरे आणि स्वयंपाकघरेही त्यांनी सोडली नाहीत. त्या अपमानाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर गोळी झाडली जाण्यात झाली. रोग घालविण्यासाठी घराची अब्रू घालविली तर लोक औषधालाही शत्रू समजतात, हा धडा पुण्याने दिला.

कोल्हापुरातही घरे रिकामी करावी लागली. त्याखेरीज इलाज नव्हता, कारण रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे नीट कळावयास अजून वेळ होता, तरी दाट वस्तीत तो फैलावतो हे दिसत होते. परंतु येथे कुटुंबांना मोकळ्या माळावर, शेतांत झोपड्या घालून राहावयास लावले. गरिबांना त्यासाठी संस्थानातून सामान देण्यात आले. टोचून घेण्यास उत्तेजन दिले. घर सुटले, पण घरातली माणसे एकत्र राहिली. महाराज स्वतःही शहराबाहेर, सोनतळीच्या माळावर छावणी करून राहू लागले. राजा राजवाड्यात आणि रयत माळावर, असे झाले नाही. संकटात धीर कशाने येतो, याचे हे एक उत्तर आहे. सोनतळीचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. आपणांस तेथे पुन्हा जावयाचे आहे.

तालीम आणि दवाखाना

कोल्हापूर म्हटले की कुस्ती आलीच. शाहू महाराज स्वतः धिप्पाड देहाचे आणि कुस्तीचे अतोनात शौकीन. १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेस गेले असता रोममधील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले. त्याच धर्तीचे, कोठेही बसले तरी मधला हौदा दिसावा असे खासबाग मैदान १९१२ मध्ये कोल्हापुरात उभे राहिले. आजही तेथील तांबड्या मातीत हळद, तेल, ताक घालून ती मळली जाते आणि जोड सुटतात.

पण आम्हांस येथे बोलावयाचे आहे ते मैदानाविषयी नसून पेठापेठांतील तालमींविषयी. कोल्हापुरात तालीम ही केवळ दंडबैठका काढण्याची जागा कधीच नव्हती. पहाटे पोरगा तालमीत गेला की वस्ताद त्याची अंगकाठी पाहतो, तसा त्याचा चेहराही पाहतो. रात्री जागला काय, कोणाशी भांडला काय, खाण्यापिण्यात कसूर झाली काय, हे वस्तादापासून लपत नाही. ब्रह्मचर्य, वेळेवर निजणे, व्यसनापासून दूर राहणे हे तालमीचे नियम. बापाला जे सांगता येत नाही ते पोरगा वस्तादाला सांगतो. पेठेतील तंटा तालमीत मिटतो, कोणाच्या घरी मयत झाली तर खांदा द्यावयास तालमीची पोरे सर्वांआधी हजर असतात. पंचवीस घरांच्या तरुणांना शिस्त, सोबत आणि दरारा देणारी ही व्यवस्था महाराजांच्या आश्रयाने बहरली. आज ज्याला आपण आधारगट म्हणतो, त्याचे काम ती त्या नावावाचून करीत होती.

मात्र तालीम ही पुरुषांची. घरातील बाईच्या वाट्याला काय आले? तिच्या वाट्याला बाळंतपण आले, आणि त्या काळी बाळंतपण म्हणजे मरणाशी गाठ. पुरुष डॉक्टरास दाखवावयाचे नाही आणि सुईण शिकलेली नाही, अशी कोंडी. ती फोडावयास बाईच डॉक्टर हवी होती. कोल्हापुरात रखमाबाई केळवकर मुलींच्या शिक्षणाच्या प्रमुख होत्या. त्यांची मुलगी कृष्णाबाई (१८७९-१९६१) फर्ग्युसन महाविद्यालयात शिकली आणि पुढे संस्थानच्या साहाय्याने मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांनी स्त्रियांवर उपचार केले. हेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून, आणि जनसामान्यांच्या तोंडी ‘सीपीआर’ म्हणून ओळखले जाते. एका शिकलेल्या आईने आपली मुलगी शिकविली, आणि त्या मुलीच्या हाताने कित्येक आया वाचल्या. कुटुंबाच्या आरोग्याची साखळी अशी असते.

शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याने १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, आणि दक्षिण महाराष्ट्रातील व कर्नाटकातील रोगी बैलगाड्या जोडून तेथे येऊ लागले. सांगली-मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी वसलेली वानलेसवाडी त्यांचे नाव अजून सांगते. शाहू महाराजांच्या दरबारात या डॉक्टरांना मान होता.

घरापासून दूर शिकावयास आलेल्या मुलांचीही महाराजांनी तजवीज केली. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघत गेली: मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य गणलेल्या समाजांतील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि १९१५ मध्ये इंडियन ख्रिश्चन वसतिगृहही. खेड्यातून आलेला बारा वर्षांचा पोर परक्या शहरात कोणाच्या पडवीत उपाशी निजत नाही, हे कळल्यावर गावाकडच्या त्याच्या आईला रात्री झोप लागते. वसतिगृहाचा हा उपयोग कोणत्याही अहवालात लिहिलेला नसतो.

घरातला धाक

इतके झाल्यावरही एक दुखणे उरते, आणि ते बाहेरून येत नाही. ते घरातच उपजते. नवऱ्याची मारझोड, सासरचा जाच, विधवेची उपेक्षा. ज्या घरात बाई सतत भीतीखाली वावरते, त्या घरातील मुलांचे शरीर दूध-तुपाने कितीही पोसले तरी मन खुरटलेलेच राहते. ही गोष्ट त्या काळी ‘घरची बाब’ समजली जाई. घरच्या बाबीत बाहेरच्याने पडू नये, असा शिष्टाचार होता. आजही पुष्कळ ठिकाणी आहे.

शाहू महाराजांनी तो मोडला. १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याचे पाठबळ मिळाले. १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहास मान्यता देणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षी स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदाही झाला. बायकोला छळणे हा नवऱ्याचा हक्क नसून राज्याचा गुन्हा आहे, असे एका संस्थानाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले. स्वतंत्र भारतात कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पावलाचे मोल कळते. १९१७ च्याच सुमारास प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम निघाला, आणि ४ मार्च १९१८ रोजी करवीर पेट्यातील चिखली या गावी त्याप्रमाणे पहिली शाळा उघडली.

आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी महाराजांच्या स्वतःच्या घरावर घाला पडला.

सोनतळी

महाराजांचे धाकटे चिरंजीव, प्रिन्स शिवाजी, हे १२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मरण पावले. वय १९. आदल्याच वर्षी, १९१७ च्या जूनमध्ये, त्यांचा विवाह झाला होता. पत्नी इंदुमतीदेवी, सासवडच्या जगताप घराण्यातील, जन्म १९०६ चा. म्हणजे विवाहाच्या वेळी जेमतेम अकरा वर्षांची मुलगी, आणि वर्षभरात विधवा.

मागे वळून पाहिले असता चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वीचेच चित्र पुन्हा दिसते. तोच राजवाडा, तसाच एक तरुण राजपुत्र अकाली गेलेला, तशीच एक विधवा. आणि रूढीने ठरविलेली वाटही तयार होती. पडद्यातील एक खोली, पांढरे वस्त्र, आणि उरलेले सगळे आयुष्य. त्या खोलीला किल्ल्याचे तट नसतात, पण तिचा दरवाजाही बाहेरूनच उघडतो.

पुत्रशोकाने महाराज खचले होते. तरीही त्यांनी या मुलीस त्या खोलीत जाऊ दिले नाही. तिला त्यांनी सोनतळीस ठेवले, जेथे प्लेगच्या दिवसांत रयतेबरोबर ते माळावर राहिले होते. तिच्यासाठी शिक्षक नेमले. ती एकटी शिकू नये म्हणून तिच्या वयाच्या काही मुली सोबतीस आणून ठेवल्या. पुस्तकांबरोबर तिला मोकळ्या हवेतील शिक्षणही दिले. राजघराण्यातील विधवेने शिकावे ही गोष्ट खुद्द घरातच पुष्कळांना रुचली नाही, आणि महाराजांना आपल्याच माणसांचा विरोध सोसावा लागला. ते दौऱ्यावर असले म्हणजे तिला पत्रे लिहीत.

सोबती, मोकळी हवा, आणि मनातले बोलावे असा वडीलधारा माणूस. धारवाडला स्वतः पोरके असताना जे त्यांना लाभले, तेच त्यांनी आपल्या पोरक्या सुनेला दिले. तिच्या दुःखावर याहून मोठे औषध त्या काळच्या कोणा वैद्याजवळ नव्हते.

याच १९१८ साली इन्फ्ल्युएंझाच्या साथीने हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे गेली. घरोघरी असे शोक होते, आणि घरोघरी अशा लहान विधवा होत्या. त्या सर्वांना सोनतळी मिळाली नाही, हेही खरे, आणि ते विसरता कामा नये. एका राजाला जे शक्य होते ते गरिबास शक्य नव्हते. पण वाट आहे, एवढे तरी दिसले.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज मुंबईत हृदयविकाराने निधन पावले. वय ४७. इंदुमतीदेवींचा आधार दुसऱ्यांदा गेला. तरी शिक्षण थांबले नाही. १९२५ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. पुढे डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. घरच्या परवानगीची वाट पाहण्यात बाईची किती वर्षे जातात, हे आमच्या वाचक भगिनींना सांगावयास नको. परंतु त्या घराच्या कोपऱ्यात बसून राहिल्या नाहीत. कोल्हापुरातील मुलींच्या शिक्षणाला त्यांनी पुढील आयुष्य वाहिले. १९५० च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने महाराणी शांतादेवी गायकवाड गृहिणी महाविद्यालय उभे राहिले, जेथे आहार, बालसंगोपन, घराची आर्थिक व्यवस्था हे विषय मुली शास्त्र म्हणून शिकू लागल्या. जिचा संसार वर्षभरात मोडला, तिने इतरांचे संसार नीट उभे राहावेत म्हणून विद्यालय काढले. ३० नोव्हेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या घरी

नगरच्या किल्ल्यातील तरुण आणि सोनतळीच्या माळावरील मुलगी यांची दुःखे एकसारखी नव्हती, याची आम्हांस जाणीव आहे. एकास आजार होता, दुसरीस शोक. आजारास औषध लागते. केवळ मायेने तो बरा होत नाही, आणि माया आहे म्हणून डॉक्टरांकडे जाण्याचे टाळणे हाही एक घात आहे. तेवढे मान्य करूनही आमचे म्हणणे उरतेच. औषध असो वा नसो, माणसे तोडली की मनुष्य अधिक आजारी पडतो, आणि माणसे जोडली की औषधालाही गुण येतो.

दुसरी गोष्ट अशी की घराने हा भार एकट्याने उचलावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. शिशुगृह, तालीम, वसतिगृह, बाई डॉक्टर, छळाविरुद्धचा कायदा, गावची शाळा, ही सर्व घराबाहेरची माणसे आणि व्यवस्था होत्या. त्या होत्या म्हणून त्या काळच्या कोल्हापुरातील पुष्कळ घरे आतून उभी राहिली. ‘आमच्या घरचे आम्ही पाहून घेऊ’ हे वाक्य मानी आहे खरे. पण त्यापायी कित्येक जीव माडीवरच्या खोल्यांत विझले आहेत.

काळ पालटला आहे. १८५८ च्या कायद्यांची जागा १९१२ च्या कायद्याने, त्याची १९८७ च्या आणि त्याचीही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने घेतली. रोग्यास ताब्यात घेण्याचा कायदा हळूहळू रोग्यास हक्क देणारा कायदा झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे आता गृहीत धरावयाचे असते, आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही, विनाशुल्क, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. दूधवाल्याचा हिशेब जेथे लिहितो तेथेच लिहावा, म्हणजे त्यात लपविण्यासारखे काही आहे असे मुलांना वाटणार नाही.

परंतु कायदा आणि दूरध्वनी यांच्या अलीकडे शेजार आहे. आपल्या धर्मग्रामात एखादे घर असे असेल, जेथील मुलगा वर्षभर मिस्साला आला नाही, जेथील सून अलीकडे कोणाशी बोलत नाही, जेथील आजोबा पत्नीच्या जाण्यानंतर दाराशी येतच नाहीत. आपण त्यांच्या घरी गेलो आणि ‘बरी आहेत ना सगळी?’ असे विचारले, तर पहिल्या वेळी ‘हो’ असेच उत्तर येईल. त्यावर उठून येऊ नये. चहा होईपर्यंत बसावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.

आमच्या ओळखीच्या त्या घराची माडी पुढे उतरविण्यात आली. काका त्यापूर्वीच गेले होते. त्यांच्या अंत्यविधीस आलेली माणसे मात्र पुष्कळ होती, हे आम्हांस स्पष्ट आठवते. त्यांतील निम्मी जरी आधी माडीवर गेली असती, तरी त्या घराचा इतिहास वेगळा झाला असता.